दीडशे चमचे

"सलाईन लावून टाका ना डॉक्टर," असं मी तीनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी आवाज जरा चढलाच.

मांडीवर लेक, चौदा महिन्यांची, वजन दहा किलो. सकाळपासून अकरा वेळा पातळ शी, चार उलट्या, डोळे खोल गेलेले, रडतेय पण डोळ्यांत टिपूस नाही. बायको ऑफिसच्या कामाला दिल्लीला, घरात मी एकटा, आणि त्यात दुपारी शहाणपणा करून मेडिकलमधून सफरचंदाच्या चवीचं एक पाकीट आणलं होतं, त्याच्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) लिहिलेलं, ते पाजलं तर जुलाब कमी व्हायचे सोडून वाढलेच. डॉक्टरबाईंनी ते पाकीट बघितलं आणि काही न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चटकन बसली नाही, सावकाश बसली. मग पाण्याची वाटी पुढे केली तर पोरीने दोन्ही हातांनी ओढून तोंडाला लावली.

"बघा. तहान आहे, पितेय. मग सुई कशाला?"

बाजूच्या खोलीत स्टुलावर बसवलं. लिटरभर पाण्यात कालवलेली ओआरएसची अख्खी पुडी, स्टीलची वाटी, चमचा. साडेसातशे मिली, चार तासांत. दीड-दोन मिनिटाला एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं, अजून हळू. किलोला पंचाहत्तर मिली हा हिशोब, दहा किलोचे साडेसातशे, चमचा पाच मिलीचा. मी बँकेत आहे, भागाकार आपोआप होतो. दीडशे चमचे.

आता मला लाज का वाटते ते सांगतो. माझी आई बत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. ओआरएसच्या पुड्या आमच्या घरात इतरांकडे बिस्किटाचे पुडे असतात तशा असायच्या, पत्र्याच्या पेटीत, वजनाच्या काट्याशेजारी. तिच्या मीटिंगा ऐकत मी मोठा झालो. एक लिटर पाणी, पुडी पूर्ण टाकायची, अर्धी नाही, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं, अंगावरचं दूध बंद करायचं नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि तरीसुद्धा स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा मला बाटली टांगलेली बघायची होती. नळीतून थेंब पडताना दिसले की काहीतरी चाललंय असं वाटतं. वाटी-चमचा म्हणजे काय, ते तर घरी पण होतं की.

साडेनऊला आईचा फोन आला. म्हणलं, सलाईन लावत नाहीयेत. ती म्हणाली, "चांगली डॉक्टर दिसतीय. किती चमचे झाले?"

मी मोजले नव्हते.

---

आमच्याकडे जुलाबाला खूप शब्द आहेत. हगवण, ढाळ, संडास लागली, पोट गेलं, लेकरू "पाणी पाणी करतंय". आणि कारणं त्याहून जास्त. दात येतायत. दृष्ट लागली. आईने बाहेरचं खाल्लं, दूध बाधलं. टाळू बसली, म्हणजे डोक्यावरचा मऊ भाग खोल गेला, हे तर कारणच समजलं जायचं, अंगातलं पाणी गेल्याचं ते लक्षण आहे असं नाही, आणि मग टाळूवर तेल भरायचं, कोणीतरी जाणती बाई टाळू "उचलायची". हे मी हसण्यावारी सांगत नाहीये. त्या बायकांची नजर बरोबर होती, खोल गेलेली टाळू त्यांना डॉक्टरच्या आधी दिसायची. फक्त पुढचा इलाज चुकायचा. त्यातला सगळ्यात घातक समज म्हणजे पाणी बंद करायचं. पाजलं की हगतंय, मग नका पाजू. वरवर बघितलं तर तर्क चोख आहे. कळशीला भोक पडलंय तर पाणी ओतता कशाला?

आई म्हणायची, अगं भोक बुजेल दोन-चार दिवसात आपोआप, तोवर कळशी रिकामी नाही होऊ द्यायची. झालं, एवढंच ओआरएस. बायका मान डोलवायच्या, पुडी घेऊन जायच्या आणि बाजाराच्या दिवशी लेकराला घेऊन बाटलीवाल्या डॉक्टरकडे जायच्या. तिथे पिवळी बाटली मिळायची. सलाईनमध्ये बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळी बाटली म्हणजे ताकदीची, साध्या पांढरीपेक्षा पन्नास रुपये जास्त. आमच्या गल्लीतल्या एका आजीने नातवाच्या पिवळ्या बाटलीसाठी शेळी विकली होती. शेळी विकून आणलेलं औषध आणि फुकटची पुडी, यातलं खरं कोणतं वाटेल तुम्हीच सांगा.

गंमत म्हणजे हा प्रश्न ओआरएस जन्मलं त्या दिवसापासूनचा आहे.

१९७१. बांगलादेशचं युद्ध चालू, लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आलेली, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. दिलीप महालनबीस नावाचे कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ तिथे पोचले. हॉस्पिटलमध्ये खोल्या दोन, जमिनीवर माणसं पसरलेली, शिरेत सलाईन लावायचं तर उलटी-संडासाच्या थारोळ्यात गुडघे टेकून बसावं लागायचं, आणि तेही साठा होता तोवर. साठा संपला. तेव्हा त्यांनी कलकत्त्याच्या लॅबमध्ये ग्लुकोज, साधं मीठ आणि खायचा सोडा वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला, पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली, छावणीत नेऊन ड्रममध्ये पाण्यात कालवलं आणि लोकांना सांगितलं की आपल्या माणसाला पाजत राहा. त्यावेळी बहुतेक डॉक्टर लोकांच्या मते हा दुय्यम, गावठी इलाज होता. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या घरातून साडेतीनच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेचे, म्हणजे डब्ल्यूएचओचे, धीमान बरुआ स्वतः बघून गेले आणि पुढे जगभर त्यांनी याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की हा या शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, म्हणजे नेहमीप्रमाणे गेल्यावर.

ही गोष्ट सगळीकडे पुडीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी पण तशीच ऐकली होती. पण त्या रात्री वाटी-चमचा घेऊन बसल्यावर मला त्यातलं एक वाक्य वेगळं ऐकू आलं, की पाजायचं काम नातेवाइकांनी केलं. नर्स नव्हत्या, डॉक्टर मोजके, मग ड्रमपाशी पेला घेऊन जायचं आणि आपल्या माणसाच्या उशाशी बसायचं हे काम आयांनी, बहिणींनी, भावांनी केलं. घर गेलेलं, शेत गेलेलं, छावणीत बसून होती ही माणसं. त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं पण वेळ होता. क्रूर वाटेल हे वाक्य, पण मला ते खरं वाटतं.

आणि नाव बघा. बांगलादेशात ओआरएसला आजही "खाबार सॅलाईन" म्हणतात, खायचं सलाईन. म्हणजे सलाईनच आहे हो, फक्त तोंडाने घ्यायचं. कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही पण काय हुशार नाव आहे. आपल्याकडे सरकारी पत्रकात याला जलसंजीवनी म्हणतात. सुंदर शब्द, भिंतीवर रंगवायला एकदम छान, पण आमच्या गावात कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. "ती पुडी" एवढंच.

तिकडे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं घरोघर बाया पाठवल्या, एक कोटीच्या वर घरं केली, आयांना चिमटीभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी करायला शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा पगार कशावर, तर महिन्याभराने दुसरं कोणी जाऊन त्या आईला विचारणार, दहा मुद्द्यांतले किती आठवतात, त्यावर. सुरुवातीला असं झालं की आयांना पाठ सगळं होतं पण वापरायच्या कमी. शोधलं तर कळलं की शिकवणाऱ्यांचाच विश्वास नव्हता, त्या स्वतः जुलाब झाले की गोळी घ्यायच्या. मग त्यांना सांगितलं की पाणी केलं की आधी स्वतः प्यायचं, समोर बसून. माझ्या आईने हे कधी वाचलं नव्हतं, पण ती पण मीटिंगमध्ये आधी स्वतः घोट घ्यायची आणि म्हणायची "डोळ्यातल्या पाण्यासारखं लागतं, त्याच्यापेक्षा खारट लागलं तर फेका."

खारट लागण्यावरून. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लिटरची पुडी ग्लासात टाकणं. थोडी थोडी, चिमूटभर या ग्लासात, चिमूटभर रात्री. याने पाणी फार खारट-गोड होतं आणि अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. मी आणलेल्या त्या सफरचंदी पाकिटाचा घोटाळा हाच, मीठ नावाला आणि साखर कितीतरी पट. डब्ल्यूएचओच्या आताच्या फॉर्म्युल्यात लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आहे, २००२ मध्ये मुद्दाम कमी करून एवढं आणलंय. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष या बालरोगतज्ज्ञ बाईंनी या नावाच्या घोळाविरुद्ध कितीतरी वर्षं एकटीने लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द चालणार नाही. व्हिडिओमध्ये त्या रडताना दिसल्या. मला त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यातलं पाकीट आठवलं.

मीठ-साखरच का, हे मला डॉक्टरबाईंनी त्या रात्री साठ-सत्तराव्या चमच्याला सांगितलं, फेरी मारायला आल्या तेव्हा. जुलाबात आतड्याचं बाकी काम बिघडलं तरी एक दार चालू राहतं. त्या दारातून मीठ एकटं जात नाही, साखर एकटी जात नाही, जोडीने आले तरच आत घेतात, आणि ते आत गेले की मागोमाग पाणी. मी मनात म्हणलं, कोयत्यासारखंच झालं हे. त्यांना ते सांगितलं नाही, सांगायला खूप वेळ लागला असता.

---

तुम्हाला सांगतो.

ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नाही, कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला देतो, एकट्या माणसाला नाही. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने वाढे छाटून मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. दिवाळी झाली की आमचा निम्मा तालुका गाड्यांत बसून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतो तो उन्हाळा लागला की परत. तिकडे राहायला कोपी, म्हणजे बांबू आणि पाचटाची पाल, आत उभं राहता येत नाही. पाणी कॅनॉलचं, नाहीतर शेतमालकाच्या विहिरीचं, त्याने भरू दिलं तर. संडास उसात. आणि एक दिवस जरी कामावर गेलं नाही तर तो खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापतात, बाळंतपणाला पण धरतात.

माझी काकू, धाकट्या चुलत्याची बायको, १९९५ च्या हंगामात अकरा महिन्यांचं पोर घेऊन गेली. सोबत सात वर्षांची पोरगी, पोराला सांभाळायला. निघताना माझ्या आईने तिच्या पिशवीत चार पुड्या घातल्या, उजळणी करून घेतली, काकूने सगळं बरोबर म्हणून दाखवलं.

जानेवारीत पोराला हगवण लागली. काकू पहाटे चारला फडात, दुपारी गाडी भरून यायची. पहिल्या दिवशी तिने पुडी कालवली, ताईला सांगितलं पाजत राहा. सात वर्षांची ताई. तिने किती पाजलं, पोराने किती सांडलं, ती स्वतः कधी झोपली, कोणाला माहीत नाही आणि तिला विचारायची हिंमत मला आजपर्यंत झालेली नाही. तिसऱ्या दिवशी पोर मान टाकायला लागलं तेव्हा ट्रॅक्टरवर घालून तालुक्याला नेलं, वाटेत गेलं.

एप्रिलमध्ये परत आल्यावर काकूने तीन पुड्या माझ्या आईला परत दिल्या. मी तिथेच होतो, दहा वर्षांचा. आईने विचारलं, अगं तुला तर सगळं माहीत होतं. विचारायला नको होतं, असं ती आता म्हणते. काकू म्हणाली, "माहीत तर होतं आक्का. बसू कवा?"

यानंतर आईच्या मीटिंगा बदलल्या. आधी ती बायकांना रागवायची, आळशीपणा करता, लेकरापेक्षा काम मोठं आहे का वगैरे, जे आजही आरोग्य शिक्षणाच्या नावाखाली बरेच जण करतात, आणि मी ऑफिसात बसून टीव्हीवरच्या बातम्या बघत करायचो. आता ती पुडी देताना एकच विचारायची, घरात बसणार कोण? सासू आहे? नणंद? कुणीच नाही? मग पोर अंगणवाडीत आणून टाक.

ती पुडी काही पैशांची आहे हे सगळ्या अहवालांत असतं. स्वस्त, सोपा, घरगुती उपाय. खरंय. पण दीडशे चमचे पाजणारे हात त्या हिशोबात कुठेच धरलेले नसतात. चार तास पहिले, नंतर दर शीनंतर पन्नास ते शंभर मिली, तीन-चार दिवस, रात्रीसुद्धा. माझ्याकडे कॅज्युअल लीव्ह होत्या. मॅनेजरने मेसेज केला, टेक केअर. काकूला खाडा पडला असता.

१९९८ का ९९ ला, नक्की आठवत नाही पण मृग सुरू झाला होता, गावात साथ आली. पहिल्या पावसाचं पाणी उकिरड्यावरून थेट विहिरीत, दरवर्षीचंच. अंगणवाडीत एका दिवशी नऊ पोरं. आईने गावातल्या म्हाताऱ्या गोळा केल्या. ज्यांना खुरपायला कोणी बोलवत नाही, घरात कोणी विचारत नाही अशा सहा-सात जणी, एकेकीच्या मांडीवर एकेक पोर, हातात वाटी. त्या बोलत होत्या, शिव्या देत होत्या, एक तर सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगत पाजत होती आणि चमच्याची लय काही तुटत नव्हती. दोन पोरांना पाणी पोटात ठरेना, एकाच्या शीत रक्त होतं, त्यांना जीपने प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, तिथे सलाईन लागलं, आणि तिथे ते लागायलाच पाहिजे होतं. मान टाकलेल्या, गुंगीत गेलेल्या, पिऊच न शकणाऱ्या पोराला चमच्याने पाजत बसायचं नसतं, हेही आई तितक्याच जोरात सांगायची. बाकीची पोरं तिथेच बरी झाली. आईला या बनगावची काही कल्पना नव्हती. मी फार पुढे वाचलं तेव्हा तिला फोन करून सांगितलं की अगं तुझ्यासारखंच केलं होतं बंगालमध्ये, तर म्हणाली, "मग, दुसरं काय करणार माणूस."

तेव्हा झिंक नव्हतं. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने २००४ मध्ये सांगितलं की ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या द्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज दहा मिलिग्रॅम, वरच्याला वीस, आपल्याकडे चौदा दिवस देतात. जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने परत व्हायची शक्यता कमी होते. चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळणारी गोळी, काय सोपं. पण तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळ्या फडताळात जातात, माझ्याही घरात गेल्या होत्या, आईने व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला लावलं म्हणून सापडल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या साधारण ६० टक्के मुलांना ओआरएस मिळाल्याचं आलंय आणि झिंक ३० टक्क्यांना. पन्नास वर्षांनी साठ टक्के.

आणि यात दोष कुणाचा? २०२४ मध्ये सायन्स या विज्ञान साप्ताहिकात एक अभ्यास आला, कर्नाटक आणि बिहारमधला. खोटे पालक बनवून माणसं दोन हजारांवर खाजगी डॉक्टर-मेडिकलवाल्यांकडे पाठवली, घरी मुलाला जुलाब होतायत म्हणून. बहुतेकांना ओआरएस माहीत होतं, बऱ्याच ठिकाणी दुकानात पडून होतं, तरी देत नव्हते. पैशांसाठी म्हणावं तर तेही मोठं कारण निघालं नाही. मोठं कारण हे की त्यांना वाटतं, पेशंटला ते नको असतं. पेशंटनेच ओआरएस मागितलं की देणारे बरेच वाढले. म्हणजे डॉक्टरला वाटतं यांना खरं औषध पाहिजे, पेशंटला वाटतं डॉक्टरने दिलं तेच खरं औषध, आणि दोघांच्या मध्ये अँटिबायोटिकची बाटली, जिची बहुतेक वेळा गरजच नसते. हे वाचून मला वाईट अशासाठी वाटलं की तीनदा सलाईन मागणारा पेशंट मीच होतो. माझ्यासारखे दहा आले की अकराव्याला कोणतीही डॉक्टर न विचारता बाटली टांगेल.

---

आता मुळात जुलाब होऊच नयेत यावर लिहायचं तर पाण्यावर लिहावं लागेल आणि पाण्यावर लिहायला लागलो की मी चिडतो, म्हणून थोडक्यात.

गावाच्या पाण्याला आमच्याकडे कार्ड असतं. लाल, पिवळं, हिरवं. लाल म्हणजे धोका. आमच्या गावाने लाल कार्ड बरीच वर्षं सांभाळलं, फ्रेम करून लावायचं बाकी ठेवलं होतं. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची असते, तिला जलसुरक्षक नेमलेला असतो, पण पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं असतं आणि त्यातला क्लोरिन तसाच उडून जातो, मग कितीही टाका, पाण्यात क्लोरिन आहे का बघायची ओटी टेस्ट केली की पाणी पिवळं व्हायचं ते होतच नाही. आणि ज्या दिवशी बरोबर टाकली त्या दिवशी लोक म्हणणार पाण्याला वास येतोय, आणि नदीत खड्डा खणून तिथलं गोड पाणी आणणार. नळ आले तेव्हा वाटलं सुटलो. पण पाणी चार दिवसांतून एकदा, पाइप गटारीतून गेलेला, आणि पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा होऊन आसपासचं आत ओढून घेतो. पहिल्या पाच-दहा हंड्यांत गटारच येतं. आशाताई घरोघर मेडिक्लोरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या थेंबांची, बाटली देते, ती बऱ्याच ठिकाणी देवळीत न उघडलेली सापडते.

पुण्यात राहणाऱ्यांनी यावर फार हळहळू नये. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा होती, आणि दोन महिने अख्खी सोसायटी पाणी उकळून पीत होती. गॅस किती लागतो कळलं सगळ्यांना. पाचट जाळून स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण किती सहज सांगतो, पाणी वीस मिनिटं उकळा.

लस मात्र खरंच चांगली गोष्ट झाली. लहान मुलांच्या जोरदार जुलाबांत रोटाव्हायरसचा वाटा मोठा, आणि तो नुसत्या साबणाने-स्वच्छतेने आटोक्यात येत नाही, श्रीमंत देशांतही पोरं आजारी पडायचीच. आपली देशी लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. तोंडात थेंब, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. फुकट. पण नोव्हेंबरात जन्मलेल्या ऊसतोडीच्या बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवडे कुठे येतात ते कॅलेंडर काढून बघा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. लसीचं कार्ड पाटोद्याच्या पेटीत, बाळ सांगलीच्या कोपीत. तिकडची आशाताई म्हणते आमच्या यादीत नाही, इकडची म्हणते स्थलांतरित. शेरा मारून पान भरतं. फिरती पथकं जातात तळावर, नाही असं नाही, पण तेव्हा आई फडात असते आणि कोपीत पुन्हा तीच सात वर्षांची ताई.

---

त्या रात्री साडेअकराला वाटी संपली. पोरीने लघवी केली, डायपर जड लागला आणि डॉक्टरबाई हसल्या, मी दिवसभरात पहिल्यांदा. हाताला रग लागली होती, चमचा धरून धरून अंगठ्याशी वळ उठलेला. मी एकशे बेचाळीस मोजले, साडेनऊच्या आधीचे अंदाजाने धरून. काही सांडले असतील.

गेल्या दिवाळीत गावी गेलो. लेक आता साडेतीन वर्षांची. पाडव्यानंतर गाड्या भरायला लागल्या, काकूचा धाकटा मुलगा आणि सून पण निघाले, पण त्यांची दोन पोरं यंदा काकूपाशीच ठेवली, तिच्या गुडघ्यांमुळे तिचं ऊस तोडणं सुटून सहा वर्षं झाली. आणि नेमकं त्याच संध्याकाळी माझ्या पोरीचं पोट बिघडलं, फराळ, बदललेलं पाणी, काय असेल ते. तीन-चार वेळा झाली, मलूल होऊन पडली, ग्लास तोंडाला लावू देईना. आईने पुडी काढली, लिटरची बाटली मोजून पाणी केलं, आधी स्वतः घोट घेतला. मी वाटी-चमचा घेऊन बसलो आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. फोन वाजला, ऑफिसचा, तीन झाल्यावर मी एका हाताने फोन आणि एका हाताने चमचा असं करायला लागलो आणि अंथरुणावर सांडलं.

काकू दारात बसली होती, नातवंडांना झोपवून. उठली, गुडघ्यावर हात टेकत आली, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्या हातातून वाटी काढून घेतली.

"दे हिकडं. मला काय काम हाय आता."